ब्रेन्निस्टेन्साल्डा : एका रंगीत ज्वालामुखी पर्वताची भूशास्त्रीय जडणघडण व पदभ्रमण

प्रस्तावना :
आइसलंड हा प्रामुख्याने बेसाल्टचा देश आहे. दख्खनच्या पठारावर वावरलेल्या अभ्यासकास तेथील काळा कातळ परका वाटत नाही. मात्र दक्षिणेकडील उच्चभूमीत, टोर्फायोकुल ज्वालामुखीच्या परिसरात, हा काळेपणा अकस्मात संपतो आणि पिवळे, तांबूस, हिरवट, निळसर डोंगर दिसू लागतात. सुमारे ८५५ मीटर उंचीचा ब्रेन्निस्टेन्साल्डा हा त्यांपैकी सर्वाधिक परिचित होय. या नावाचा अर्थ 'गंधकाची लाट' असा आहे.

रंगांची मीमांसा :
या परिसरातील मुख्य खडक रायोलाइट हा आहे. बेसाल्टमध्ये सिलिकाचे प्रमाण साधारणतः ५० टक्के असते, तर रायोलाइटमध्ये ते ७० टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे हा खडक मुळातच फिकट असतो. पण केवळ फिकट खडकातून एवढे रंग निर्माण होत नाहीत. ते काम भूगर्भातील उष्ण वाफ करते. वाफेबरोबर वर येणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडचा हवेशी संयोग होऊन गंधक साचते; तोच पिवळा रंग. त्यातूनच सल्फ्युरिक आम्ल तयार होते. हे आम्ल खडकातील फेल्डस्पार कुजवून त्याची माती करते. मोकळ्या झालेल्या लोहाचे ऑक्साइड बनून उतार तांबडे होतात. सह्याद्रीवरील जांभ्याचा तांबडेपणाही लोहाच्या ऑक्साइडचाच. तेथे मात्र हे कार्य वाफेने नव्हे, तर पावसाने केले आहे. हिरव्या छटांमध्ये शेवाळाचाही वाटा आहे. तात्पर्य, ज्याला पर्वताचे सौंदर्य म्हटले जाते, ती वस्तुतः त्याच्या खडकाची झीज आहे.

पायथ्याचा लॉयगाह्रॉयन हा लाव्हाप्रवाह इ. स. १४७७ च्या उद्रेकातील आहे. त्या वेळी बार्दारबुंगा या दूरच्या ज्वालामुखी प्रणालीतील बेसाल्टी शिलारस भूमीखालून आडवा सरकत टोर्फायोकुलच्या शिलारसात मिसळला, असे अभ्यासकांचे मत आहे. प्रवाह घट्ट असल्याने तो फार दूर न पसरता उभ्या कडांनिशी थिजला. त्यात काचेसारखा काळा ऑब्सिडियन विपुल आहे.

पदभ्रमण :
लांदमान्नालॉयगार येथील तळ सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने प्रत्यक्ष चढ अडीचशे मीटरच्या आसपास भरतो. वाट लाव्हाक्षेत्रातून धूमरंध्रांजवळ येते व तेथून माथ्याकडे वळते. थोर्स्मोर्कपर्यंत जाणारा, सुमारे ५५ किलोमीटरचा लॉयगावेगुर मार्गही याच डोंगराला वळसा घालून पुढे जातो. त्या मार्गावरील ह्राप्टिन्नुस्केरच्या पठारावर ऐन उन्हाळ्यातही हिमवादळ होते. जून २००४ मध्ये तेथे एका तरुण पदयात्रीचा मृत्यू झाला.

ब्रेन्निस्टेन्साल्डावर एवढा धोका नाही. येथे चिंता आहे ती डोंगराचीच. आम्लाने कुजलेली माती भिजली की पाय रुततात. चिखल टाळण्यासाठी माणसे वाटेच्या कडेने चालतात आणि वाट रुंदावत जाते. तुडवलेले शेवाळ पूर्ववत होण्यास अनेक दशके लागतात. हा प्रदेश १९७९ पासून फ्यात्लाबाक संरक्षित क्षेत्रात मोडतो. बर्फ वितळून जमीन सुकेपर्यंत तेथील रस्ते बंद ठेवले जातात, आणि पदयात्रींनी आखलेली वाट सोडू नये अशी अपेक्षा असते, मग ती कितीही चिखलाची असो.