तंबूची जागा रात्रीच्या हिशेबाने

शनिवार-रविवारी मुलांना घेऊन तंबूत राहायचं ठरलं, की घरातला प्रत्येक जण फोटो दाखवू लागतो. निळं पाणी, काठावर केशरी तंबू, मागे डोंगर. हे सगळे फोटो दिवसाउजेडी काढलेले. तंबूत राहायचं असतं ते रात्री, म्हणून पहाटे तीनला तिथे काय परिस्थिती असते यावरून जागा ठरवावी. थंडी किती, वारा कुठून, धाकट्याला शू लागली तर किती लांब जायचं, ताप आलाच तर गाडीपर्यंत किती पावलं.

‘जवळ’ हे किलोमीटरमध्ये मोजू नये. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. तंबू उजेडात उभा करून आजूबाजूची जागा मुलांच्या पायाखालून घालायची तर चारपर्यंत पोचायला हवं. सकाळी आवरून दहाला निघालं आणि वाटेत जेवण झालं, की गाडी चालवायला चारेक तास उरतात, आणि शनिवारचा घाट त्यातलाही एखादा खातो. पुणेकरांना पवना, पानशेत, मुळशी या हिशेबात सहज बसतात. शिवाय रात्री अकराला मूल रडायचं थांबेना, तर गाशा गुंडाळून घरी येता येतं. पहिल्या खेपेला ही मुभा फार मोलाची. पवनेच्या काठी तयार तंबू आणि जेवण दोन्ही मिळतं, नवख्यांना ते सोयीचंच आहे. फक्त पैसे भरण्याआधी शनिवारी रात्री स्पीकर किती वाजता बंद होतो ते विचारावं. उत्तर देताना समोरचा अडखळला, तर दुसरी जागा बघावी.

आता एक जागा घेऊन नीट पाहू. भंडारदरा नाशिकहून सत्तरएक किलोमीटर, पुण्या-मुंबईहूनही आवाक्यातलं. प्रवरेवरचं इथलं विल्सन धरण 1926 साली पुरं झालं. जलाशयाभोवती जाणाऱ्या रस्त्यावर शेंडी, मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर अशी गावं आहेत. पाणी एकच, पण या गावांतल्या रात्री सारख्या नसतात. घाटघर अगदी सह्याद्रीच्या कड्यावर. कोकणातून चढून आलेला वारा तिथे तोंडावर येतो. दुपारी झकास, रात्री मात्र तंबूचं कापड फडफडत राहतं आणि झोप लागत नाही. रतनवाडी रतनगडाच्या कुशीत आहे, त्यामुळे आडोसा मिळतो, अमृतेश्वराचं देऊळ पायी गाठता येतं, गावात चुलीवरची भाकरी मिळते. साम्रदजवळच्या सांदण दरीत उतरून मुक्काम करणारे असतात. लहान मुलांसोबत तो विचार करू नये. दरी दिवसा वरून पाहावी आणि परत यावं. शेंडी सगळ्यात सोयीची, त्यामुळे सगळ्यात गजबजलेली. पाच-सहा वर्षांचं मूल बरोबर असेल, तर मी रतनवाडीला कौल देईन.

हा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. दिसली मोकळी जागा की ठोकला तंबू, असं इथे चालत नाही. गावातल्या कुणाच्या तरी खासगी जमिनीवर, त्यांना विचारून, पैसे देऊन राहायचं. निघण्याआधी त्या घरी एक फोन करावा. संडास कुठे आहे? प्यायचं पाणी कुठलं? गाडी तंबूपासून किती लांब उभी राहते? मोबाइलला रेंज कुठे येते? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण 108 ची रुग्णवाहिका फोन लागला तरच येणार. सरकारी दवाखाना राजूरला आहे, तिथवरचा रस्ता जाताना डोळ्याखालून घालावा.

ऋतूचं गणित सोपं आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पावसाळ्यात तंबूचा हट्ट नको, घरात उतरावं. मेअखेरीस काजवे बघायला इथे झुंबड उडते, पण तेव्हाच वळवाचा पाऊस आणि विजा असतात. थंडीचा अंदाज मुंबईकरांचा हमखास चुकतो. शंभर मीटर चढलं की तापमान साधारण अर्धा ते पाऊण अंशाने उतरतं आणि भंडारदरा साडेसातशे मीटरच्या आसपास आहे, म्हणजे चार-पाच अंश तर नुसत्या उंचीचे गेले. त्यात समुद्राची ऊबही नाही.

जागेवर पोचल्यावर लगेच सामान उतरवू नये. फोटोतली जागा, म्हणजे अगदी पाण्याचा काठ, सगळ्यात आधी बाद करावी. रात्री जड झालेली गार हवा उतारावरून ओघळते आणि खोलगट भागात साचते. पाण्यालगत दमटपणाही जास्त, त्यामुळे पहाटे तंबू दवाने निथळतो. शिवाय सोडलेल्या पाण्यामुळे धरणाचा काठ मागे सरकत जातो आणि उघड्या पडलेल्या गाळात मोठ्या माणसाचा पायही रुततो. काठापासून जरा वर, मुलांना एकट्याने पाण्यापर्यंत सहज जाता येणार नाही, अशी जागा हवी.

वर पाहिलं की कापणी झालेली भाताची खाचरं दिसतात. सपाट, जणू तंबूसाठीच केलेली. पण धसकटं तंबूचा तळ फाडतात, जमीन आतून ओली असते, बांधात उंदरांची बिळं असतात आणि उंदरांच्या मागावर साप येतात. त्यापेक्षा मुरमाड माळ बरा. तिथे खुंटी ठोकून बघावी. दोन बोटं जाऊन टणकन थांबली तर खाली कातळ आहे, नुसत्या अंगठ्याने आत गेली तर माती भुसभुशीत, वाऱ्याला टिकणार नाही. दगडाने ठोकत ठोकत वीतभर जाऊन घट्ट बसली, तर जागा जमली. मग चटई अंथरून सगळ्यांनी तिथे खरंच आडवं व्हावं. उभ्याने न दिसणारा उतार डोक्यात रक्त उतरलं की कळतो. डोकं चढाकडे येईल असा तंबू फिरवावा.

झाडाखाली दव कमी पडतं, कारण पानांचं छत जमिनीची ऊब आकाशात निसटू देत नाही. पण मान वर करून वाळकी फांदी नाही ना, हे बघावं, आणि आग्या मोहोळ तर नाहीच नाही. धुराने ते उठलं तर पळायला जागा पुरत नाही. चूल वाऱ्याच्या खालच्या बाजूला, तंबूपासून लांब. नायलॉनला एक ठिणगी पुरते. तंबूचं दार वाऱ्याकडे पाठ करून आणि जमलं तर पूर्वेकडे, म्हणजे सकाळच्या उन्हात ओलं कापड लवकर वाळतं. गुरांच्या पायवाटेवर मात्र दार येऊ देऊ नये. पहाटे गोठ्यातून सुटलेल्या म्हशी दोऱ्या बघत नाहीत.

गाडी रस्त्याकडे तोंड करून लावावी, आणि किल्ली कुठल्या खिशात आहे ते घरातल्या दोन मोठ्या माणसांना ठाऊक असावं.