ऑइल फिल्टरची पारख

आपल्या व्यापारी मंडळाच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी काही लिहावे, अशी संपादक मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मी धान्याच्या भावांविषयी लिहीन अशी बहुतेकांची अपेक्षा असावी. परंतु भाव आज असतो आणि उद्या नसतो. म्हणून ज्या एका लहानशा वस्तूने मला चांगलाच धडा शिकविला, तिच्याविषयी लिहिणे मला अधिक उपयुक्त वाटते. ती वस्तू म्हणजे इंजिनाचा ऑइल फिल्टर.

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिक होताच वडिलांच्या गादीवर बसलो आणि उभे आयुष्य गहू, हरभरा, तूर व ज्वारी यांच्या पोत्यांत गेले. तथापि आज इंजिनाशी ज्याचा संबंध येत नाही असा व्यापारी बुऱ्हाणपुरात विरळाच. कोणाची केळीची शेती आहे व दारात ट्रॅक्टर आहे. कोणाचे यंत्रमाग आहेत व वीज गेली की डिझेलचा जनरेटर चालवावा लागतो. कोणाची डाळमिल, कोणाचा मालवाहू टेंपो. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मुलांचीही यातून सुटका नाही. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या घराभोवती एवढे गवत वाढते, की ते कापण्यासाठी त्याने बसून चालविण्याचे यंत्र घेतले आहे. त्या छोट्या इंजिनासाठी कोणता ऑइल फिल्टर घ्यावा, असे त्याने मला दूरध्वनीवर विचारले आणि माझा जुना अनुभव जागा झाला.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. गव्हाच्या आवकीचे दिवस होते. ट्रॅक्टरचे तेल बदलण्याची वेळ आली, तेव्हा एका ओळखीच्या दुकानदाराने एक नवा माल दाखविला. डबा तोच, रंग तोच, अक्षरेही तीच. नगामागे सव्वाशे रुपये मात्र कमी. मी एकदम सहा नग घेतले. त्यांचे पक्के बिल मागितले नाही, आणि सौदा चांगला झाला म्हणून मनात संतोषही मानला. दोन महिन्यांच्या आत, भर दुपारी भरलेली ट्रॉली ओढीत असता, तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला. चालकाने इंजिन बंद करीपर्यंत व्हायचे ते होऊन गेले होते. बेअरिंगे जळाली होती व क्रँकशाफ्टवर चरे पडले होते. ट्रॅक्टर अकरा दिवस मिस्त्रीच्या अंगणात उभा राहिला आणि माल भाड्याच्या वाहनांनी आणावा लागला.

मिस्त्रीने तो फिल्टर करवतीने कापला आणि शेजारी एक अस्सल फिल्टर कापून ठेवला. बाहेरून जुळ्या भावांसारखे दिसणारे ते दोन डबे आतून किती भिन्न होते! अस्सल फिल्टरमधील कागदाच्या घड्या दाट, सारख्या अंतराच्या व घट्ट चिकटविलेल्या होत्या. नकली फिल्टरमध्ये घड्या निम्म्याही नव्हत्या, कागदाचा जोड उकलला होता आणि त्याचे तुकडे तेलाच्या वाटेत जाऊन अडकले होते. पंचेचाळीस वर्षे परखी घालून पोत्याच्या पोटातील दाणा तपासणाऱ्या माणसाने येथे मात्र पोत्यावरचा शिक्का पाहून माल घेतला होता. दोष दुकानदाराचा होताच. परंतु लोभ माझा होता.

त्यानंतर मी मिस्त्रीस, जाणत्या लोकांस व पुस्तिकांस विचारून जे शिकलो, ते थोडक्यात सांगतो.

इंजिनातील तेल केवळ वंगणाचे काम करीत नाही. ते धातूंच्या भागांची उष्णता वाहून नेते, आणि झिजेतून निघालेले धातूचे कण, डिझेलची काजळी व आत शिरलेली धूळ आपल्याबरोबर घेऊन फिरते. हे कण डोळ्यांस दिसत नाहीत. त्यांचे माप मायक्रॉनमध्ये करतात; एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारणतः ७० मायक्रॉन जाड असतो, तर बेअरिंगमधील तेलाचा पडदा कित्येकदा अवघ्या काही मायक्रॉनचा असतो. त्या पडद्याहून मोठा कण मध्ये सापडला की तो कानशीप्रमाणे धातू घासू लागतो. पूर्वीच्या कित्येक संथ इंजिनांत तेलासाठी केवळ तारेची जाळी असे. मोटारीसाठी बदलता येण्याजोगा फिल्टर अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड याने १९२३च्या सुमारास पुढे आणला. आज वेगवान इंजिनाचे आयुष्य त्या कागदावर अवलंबून आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्या घरांत पाणी गाळून पिण्याचा संस्कार आहे. गाळण्याचे वस्त्र दुहेरी असावे, विरलेले नसावे, हे आपल्या आजीने आपल्याला शिकविले. फाटके गाळणे नसल्यापेक्षा वाईट, कारण त्याने पाणी गाळले गेल्याचा भ्रम होतो. फिल्टरचेही तसेच आहे.

फिल्टरच्या डब्यात कागदाखेरीज दोन झडपा महत्त्वाच्या असतात. पहिली बायपास झडप. कागद चोंदला किंवा थंडीत तेल फार घट्ट झाले, तर इंजिन कोरडे पडू नये म्हणून ही झडप उघडते व न गाळलेले तेल पुढे सोडते. ती किती दाबाला उघडावी हे प्रत्येक इंजिनासाठी ठरलेले असते. स्प्रिंग दुबळी असेल तर ती लवकर उघडते आणि आपण समजतो तेल गाळले जात आहे. दुसरी झडप इंजिन बंद असताना फिल्टरमधील तेल खाली उतरू देत नाही. फिल्टर आडवा किंवा उलटा बसविलेला असेल तेथे ती फारच आवश्यक असते. तिचे रबर कडक झालेले असेल तर सकाळी इंजिन सुरू होताना काही क्षण तेलच पोहोचत नाही, आणि झीज अशा क्षणीच अधिक होते.

यावरून निवडीचा पहिला नियम ठरतो : आटे जुळले म्हणून फिल्टर जुळला असे मानू नये. एकाच आट्यांचे अनेक फिल्टर बाजारात असतात. परंतु त्यांच्या रबरी कड्याचा व्यास, डब्याची उंची व बायपासचा दाब वेगळा असू शकतो. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेतील क्रमांक लिहून घ्यावा व त्याच क्रमांकाचा, किंवा नामांकित उत्पादकाने आपल्या सूचीत त्याच्या बरोबरीचा म्हणून दिलेला फिल्टर घ्यावा. तो यंत्राच्या कंपनीचाच असला पाहिजे असे नाही.

दुसरा नियम : केवळ मायक्रॉनच्या आकड्यास भुलू नये. 'आमचा गहू साफ आहे' असे कोणी म्हटले तर आपण विचारतो, कचरा शेकडा किती? तसेच 'आमचा फिल्टर २० मायक्रॉनचा' असे म्हटले तर विचारावे, त्या आकाराचे कण शेकडा किती अडतात? यासाठी आयएसओ ४५४८-१२ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे आणि तिचा निकाल बीटा गुणोत्तराने सांगतात. गुणोत्तर २ असेल तर निम्मेच कण अडतात. ७५ असेल तर ७५ कणांमागे एकच निसटतो, म्हणजे शेकडा ९८.७ अडतात. तथापि अतिबारीक गाळणीही हिताची नसते. ती लवकर चोंदते व बायपास उघडते. इंजिनास जे मान्य तेच योग्य.

तिसरा नियम आपणां व्यापाऱ्यांस शिकविण्याची गरज नसावी : वेष्टन वाचावे व पक्के बिल घ्यावे. वेष्टनबंद मालाच्या २०११च्या नियमांनुसार उत्पादकाचे नाव व पत्ता, महिना व वर्ष, कमाल किरकोळ किंमत आणि ग्राहकाने तक्रार कोठे करावी ते वेष्टनावर छापलेले असावे लागते. छपाई पुसट असेल, पत्ता अर्धवट असेल, किंवा 'बिलाशिवाय स्वस्त देतो' असे कोणी म्हणेल, तर तेथेच थांबावे. हातात घेतल्यावर रबरी कडे मऊ व खाचेत नीट बसलेले असावे, आटे स्वच्छ असावेत, आत धातूचा कीस नसावा. वजनदार डबा म्हणजे चांगला फिल्टर नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे.

चौथा नियम मी आमच्या धंद्यातून घेतला आहे. जे सभासद डझनाने फिल्टर घेतात, त्यांनी त्यांतील एक नग परखीचा म्हणून कापून पाहावा. एका नगाची किंमत जाते. पण अकरा नगांची खात्री होते. तसेच प्रत्येक वेळी काढलेला जुना फिल्टर मिस्त्रीकडून कापून घ्यावा. घड्यांत चकचकीत धातूचे कण दिसले तर इंजिन आतून झिजत आहे, ही सूचना वेळीच मिळते.

उत्तम फिल्टरही नीट बसविला नाही तर व्यर्थ. तेल किंचित कोमट असता काढावे. जुन्या फिल्टरचे रबरी कडे इंजिनाला चिकटून राहिले नाही ना, हे बोटाने चाचपून पाहावे. एकावर दुसरे कडे बसले तर तेल भसाभस गळते. नव्या कड्याला ताज्या तेलाचे बोट फिरवावे, फिल्टर हातानेच फिरवावा, आणि कडे टेकल्यावर डब्यावर लिहिले असेल तेवढाच, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. मग इंजिन थोडे चालवून गळती पाहावी व ते बंद केल्यावर तेलाची पातळी तपासावी. फिल्टर कधी बदलावा हे पुस्तिकेत तासांत दिलेले असते. ट्रॅक्टरसाठी कित्येकदा २५० तास, तर गवत कापण्याच्या यंत्रासाठी ५० किंवा १०० तास. आपल्याकडील काळ्या मातीच्या धुळीत ही मुदत लांबवू नये. आणि हवेचा फिल्टर फाटका असेल तर ऑइल फिल्टरला दोष देऊ नये.

आता उरलेल्या तेलाविषयी. जुना फिल्टर रात्रभर उपडा ठेवून निथळावा आणि ते तेल नाल्यात वा मातीत मुळीच ओतू नये. २०१६च्या घातक कचरा नियमांनुसार ते परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. बुऱ्हाणपूरकरांस हे विशेष कळावे. इ. स. १६१५च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना यांच्या काळात, सातपुड्याच्या बाजूचे झिरपते पाणी भूमिगत नाल्याने व कुंड्यांच्या मालिकेने शहरात आणणारा कुंडी भंडारा येथे बांधला गेला. मातीने व दगडाने गाळलेले ते पाणी चारशे वर्षे टिकून आहे. निसर्गाची एवढी मोठी गाळणी ज्या गावाला लाभली, त्या गावच्या जमिनीत काळे तेल मुरविणे आपणांस शोभत नाही.

शेवटी एक निवेदन. आपल्यापैकी काही बंधू सुट्या भागांचे दुकान चालवितात. गिऱ्हाईक डबा उघडून पाहू शकत नाही. तो आपल्या तोंडाकडे पाहून माल घेतो. सव्वाशे रुपयांच्या नफ्यासाठी नकली नग विकणारा व्यापारी गरीब शेतकऱ्याचे इंजिनच नव्हे, तर एक पूर्ण हंगाम विकत असतो. मला नकली माल देणाऱ्या दुकानदाराचे नाव मी कोठेही घेतले नाही, घेणारही नाही. मात्र उरलेले पाच नग मी परत केले नाहीत किंवा पुढे कोणाला दिलेही नाहीत; मिस्त्रीकडून पाचही कापून घेतले. त्यांतील एक आजही माझ्या गादीशेजारच्या फडताळात परखीच्या शेजारी ठेवलेला आहे. नवा माल स्वस्तात आला की माझी नजर आपोआप तिकडे जाते.

पुतण्याला मी एवढेच सांगितले : पुस्तिकेतला क्रमांक पाहा, ओळखीच्या नव्हे तर विश्वासाच्या दुकानातून बिलासह घे, आणि वेळेवर बदल. सभासद बंधुभगिनींसही माझे याहून वेगळे सांगणे नाही.