मुखवट्याआडचा योगी

बेसबॉलचा कॅचर म्हणजे त्यांचा यष्टिरक्षक, असे आपल्याकडे सर्रास समजले जाते. फलंदाजाच्या मागे उकिडवे बसणे आणि सुटलेला चेंडू अडवणे, एवढ्यापुरते ते खरेही आहे. परंतु यष्टिरक्षक गोलंदाजाला चेंडू कोणता टाकावा हे सांगत नाही. कॅचर मात्र प्रत्येक चेंडूआधी मांड्यांच्या आडोशाला बोटे नाचवून वेगवान की वळणारा, आत की बाहेर, हे पिचरला सुचवतो. (२०२२ पासून अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये या खुणांसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्र वापरण्याची मुभा आहे.) पटले नाही तर पिचर मान हलवतो. संघातील इतर सर्व खेळाडू फलंदाजाकडे तोंड करून उभे असतात. संपूर्ण मैदान समोर दिसते ते एकट्या कॅचरला. एवढे करून यशाचे श्रेय जाते ते पिचरच्या खात्यावर.

हे काम समजून घ्यायचे तर न्यूयॉर्क यांकीजच्या योगी बेराची कारकीर्द पाहावी. १२ मे १९२५ रोजी सेंट लुईसमधील एका इटालियन स्थलांतरिताच्या घरी जन्मलेल्या या मुलाचे मूळ नाव लॉरेन्स पीटर. भारतावरील एका चित्रपटात योगी पाहून आलेल्या मित्राला मांडी घालून बसलेला लॉरेन्स हुबेहूब तसाच वाटला आणि आपल्याकडचे हे नाव त्याला जन्मभर चिकटले. शिक्षण जेमतेम आठवीपर्यंत, उंची पाच फूट सात इंच, अंगकाठी बसकी. यांकीजने त्याला करारबद्ध केले, पण मध्ये युद्ध आले. १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्त सैन्य उतरले, तेव्हा तो नौदलाच्या एका लहान रॉकेटवाहू बोटीवर होता.

२२ सप्टेंबर १९४६ रोजी तो यांकीजकडून प्रथम खेळला. फलंदाजी उत्तम, कॅचर म्हणून मात्र कच्चा. १९४७ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये ब्रुकलिन डॉजर्सच्या धावपटूंनी त्याच्या फेकीची पुरती परीक्षा पाहिली आणि त्याला काही सामन्यांत बाहेरच्या क्षेत्रात उभे राहावे लागले. दुसरा एखादा तेथेच संपला असता. १९४९ मध्ये व्यवस्थापक केसी स्टेंगेल यांनी यांकीजचा जुना दिग्गज कॅचर बिल डिकी याच्याकडे त्याला सोपवले. पाय कसे सरकवावेत, चेंडू हातात येताच कसा फेकावा, फलंदाजाचे मन कसे ओळखावे, हे बेरा नव्याने शिकला. पुढे १९५७ ते १९५९ या काळात कॅचर म्हणून सलग १४८ सामने त्याच्या हातून एकही चूक झाली नाही.

८ ऑक्टोबर १९५६ चा सामना हा या कारकीर्दीचा कळस. यांकीजचा पिचर डॉन लार्सन तीनच दिवसांपूर्वी दुसऱ्या डावात बाहेर काढला गेला होता. त्या दिवशी मात्र त्याने डॉजर्सचे २७ च्या २७ फलंदाज ओळीने बाद केले. एकालाही पहिल्या बेसवर पाऊल ठेवता आले नाही. वर्ल्ड सिरीजमध्ये अशी परिपूर्ण लढत २०२५ च्या मोसमापर्यंत दुसरी झालेली नाही. त्या सामन्यात लार्सनने ९७ चेंडू टाकले. बेराच्या एकाही खुणेला आपण नकार दिला नाही, असे तो नंतर सांगत असे. तरीही विक्रम नोंदला गेला तो लार्सनच्या नावावर आणि ते रीतसरच. बेराच्या वाट्याला आले ते लार्सनच्या अंगावर झेप घेतानाचे छायाचित्र!

कॅचरचे गुडघे मात्र कारकीर्दीआधी थकतात. एका सामन्यात शंभराहून अधिक वेळा बसायचे-उठायचे आणि मुखवटा, छातीकवच, पायकवच यांचे ओझे वागवायचे. पुढे एल्स्टन हॉवर्डने जागा घेतली आणि बेरा बहुधा डाव्या बाहेरच्या क्षेत्रात दिसू लागला. तरीही २४ जून १९६२ रोजी, वयाच्या ३७ व्या वर्षी, डेट्रॉइटविरुद्ध सात तास चाललेल्या लढतीत त्याने २२ च्या २२ डाव कॅचर म्हणून काढले.

वर्ल्ड सिरीजची दहा विजेतेपदे, तीन वेळा अमेरिकन लीगचा सर्वाधिक मोलाचा खेळाडू, ३५८ होमरन. इतके असूनही लोकांना तो आठवतो त्याच्या उलटसुलट गमतीदार वचनांमुळे. त्या हसण्यात त्याच्या खेळातील बुद्धी झाकली गेली, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

१९८५ मध्ये व्यवस्थापकपदावरून त्याला अवघ्या १६ सामन्यांनंतर निरोप देण्यात आला, तोही दुसऱ्याकरवी. त्यानंतर सुमारे १४ वर्षे तो यांकी स्टेडियमकडे फिरकला नाही. अखेर मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर १९९९ मध्ये स्वतः त्याला भेटायला गेले आणि त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच वर्षी १८ जुलैला त्याच्या सन्मानार्थ झालेल्या सोहळ्यात लार्सनने औपचारिक पहिला चेंडू टाकला आणि ७४ वर्षांच्या योगीने तो झेलला, यांकीजचा तेव्हाचा कॅचर जो जिरार्डी याचा ग्लोव्ह मागून घेऊन. मग तो ग्लोव्ह जिरार्डीला परत मिळाला, सामना सुरू झाला आणि यांकीजच्या डेव्हिड कोनने त्या दुपारी २७ च्या २७ फलंदाज ओळीने बाद केले.