रवी नसलेली घुसळण

अकोल्याहून पातूर ओलांडून घाट चढलं की वाशिम जिल्ह्यातलं मेडशी लागतं. या पट्ट्यात जंगल आहे, मुरमाड उतार आहेत. पण सखल भागातलं रान काळं. मे महिन्यात अशा काळ्या रानातल्या भेगेत तुराटी सोडून बघा, हातभर सहज आत जाते.

भेगेच्या काठावरची भुसभुशीत माती, पाचोळा, शेणखताचा चुरा वाऱ्यानं नि गुरांच्या पायांनी आत घरंगळत राहतो. मग मृगाचा पाऊस येतो. काळ्या दगडाची, म्हणजे बेसॉल्टची, झीज होऊन बनलेल्या या मातीत स्मेक्टाइट नावाची चिकणमाती असते. तिच्या पापुद्र्यांत पाणी शिरलं की ती फुगते. भेगा मिटतात, पण पोटात आता वरून पडलेली जास्तीची माती असते. बाजूला सरकायला जागा नाही, म्हणून खालची माती तिरकी वर दाटते. खड्डा खणला तर या घसरणीचे गुळगुळीत, चकाकणारे पृष्ठभाग दिसतात.

मृदाशास्त्रात याला इंग्रजीत ‘चर्निंग’ म्हणतात. ताक घुसळण्याचाच शब्द. या मातीचं शास्त्रीय नाव ‘व्हर्टिसोल’, त्यातला लॅटिन धातू उलटण्या-फिरवण्याचा.

गंमत अशी, की डेऱ्यात घुसळल्यानं गोष्टी वेगळ्या होतात. दह्यातल्या स्निग्ध गोळ्यांचं आवरण फाटतं, गोळे एकमेकांना चिकटतात, लोणी वर येतं. रानात मात्र सगळं कालवलं जातं, त्यामुळे मीटरभर खणलं तरी थर स्पष्ट दिसत नाहीत. अपवाद दगडांचा. ते फुगणाऱ्या मातीबरोबर वर येतात आणि भेगांतून परत खाली पडण्याइतके बारीक नसतात. दरवर्षी वेचूनही दगड संपत नाहीत, त्याचं एक कारण हे.

मात्र जमीन पूर्ण उलटीपालटी होते, हे जुनं चित्र आता तितकंसं खरं मानत नाहीत. मातीतल्या सेंद्रिय कार्बनचं वय मोजलं तर खोलीबरोबर ते वाढत जातं. सगळं नीट घुसळलं असतं, तर वरचं-खालचं वय सारखं निघालं असतं.

पण घरादारांना हळू घुसळणही पुरते. विजेचे खांब कलतात, भिंतींना तिरके तडे जातात. म्हणून काळ्या रानात घर बांधणारा जाणता माणूस मुरूम लागेपर्यंत पाया खणतो.