गोणी भरल्यावर पुढे काय?

किनारा आपला : लेखांक ४

किनाऱ्यावर कचरा येतो कुठून, हे मागच्या लेखांकात पाहिलं. नाल्यांतून, खाड्यांतून, नदीच्या मुखातून, आणि काही थेट आपल्याच हातून. आता तो उचलायचा कसा ते पाहू. माणसं जमवणं हा यातला सोपा भाग आहे. रविवार ठरवून सोसायटीच्या आणि कॉलेजच्या ग्रुपवर निरोप टाकला, की चाळीस-पन्नास जण हमखास येतात आणि मनापासून राबतात. खरी अडचण साडेनऊच्या सुमाराला उभी राहते. ऊन चढलेलं असतं, लोक घरी निघालेले असतात, वाळूवर भरलेल्या गोण्यांची रांग असते आणि ती न्यायला कुणी येणार नसतं. मग रात्रीतून कुत्री गोण्या फाडतात, उधाणाचं पाणी वर चढतं आणि सकाळभर वेचलेलं पुन्हा समुद्रात जातं. म्हणून मोहिमेची आखणी शेवटाकडून सुरू करावी, असं माझं ठाम मत आहे. आधी गाडी, मग गोण्या, मग माणसं.

वर्सोव्याचं उदाहरण याच दृष्टीने पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी, अशा दोघांनी तिथे कचरा वेचायला सुरुवात केली. हळूहळू शेकडो लोक दर शनिवार-रविवारी येऊ लागले. सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या पट्ट्यातून दोनेक वर्षांत ५० लाख किलोंहून अधिक कचरा निघाला. २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान मिळाला. एवढं सगळं झाल्यावरही नोव्हेंबर २०१७ मध्ये त्यांनी मोहीम थांबवत असल्याचं जाहीर केलं. स्वयंसेवकांना होणारी दमदाटी हे एक कारण होतं आणि गोळा केलेला कचरा उचलला न जाता पडून राहणं हे दुसरं. पुढे आश्वासनं मिळाली, काम पुन्हा सुरू झालं आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना लोकांनी पाहिली. जगाने नावाजलेली मोहीमसुद्धा गाडीपाशी अडते, हे आपल्या छोट्या मोहिमेने पक्कं लक्षात ठेवावं.

तेव्हा पहिलं काम अर्जाचं. शहरात वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा विभागाकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. अर्जात नुसती परवानगी मागू नये. गाडी किती वाजता येणार, कुठे उभी राहणार आणि कचरा कुठे नेणार, या तीन गोष्टी विचाराव्यात. वाळूत गाडी रुतते, म्हणून गोण्या जमा करण्याची जागा पक्क्या रस्त्याच्या कडेलाच हवी. आदल्या दिवशी त्या भागाच्या मुकादमाशी प्रत्यक्ष बोलून घ्यावं. वरिष्ठांच्या सहीइतकंच या बोलण्याला महत्त्व आहे, कारण रविवारी सकाळी गाडी पाठवणारा माणूस तोच असतो.

किनाऱ्यालगत कोळीवाडा असेल तर तिथे आधी जाणं ही माझ्या मते अटच आहे. वारा फिरला की कचरा कुठल्या कोपऱ्यात लागतो, कुठल्या खडकांत पाय अडकतो, हे त्यांना नेमकं माहीत असतं. शिवाय वाळूवर पडलेलं प्रत्येक जाळं टाकून दिलेलं नसतं. दुरुस्तीला ठेवलेलं जाळं उत्साहाच्या भरात कापलं गेलं तर एका घराचं मोठं नुकसान होतं आणि मोहिमेवरचा विश्वास कायमचा जातो. जाळ्याला कोयता लावण्याआधी विचारायचं, हा नियम सगळ्यांना सांगून ठेवावा.

वेळ कुठली ठरवायची, याचं उत्तर घड्याळाबरोबर पंचांगातही आहे. आपल्या किनाऱ्यावर जुना हिशोब असा, की तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, म्हणजे सहा तासांनी, नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. एकादशीला मात्र सव्वाआठलाच भरती. त्या रविवारी सकाळी आठला लोकांना बोलावलं तर समोर पाणीच पाणी. चतुर्थी-पंचमीची सकाळ मला सगळ्यात सोयीची वाटते. पौर्णिमा-अमावस्येच्या उधाणाने वर फेकलेला कचरा तेव्हा कोरडा होत आलेला असतो, आणि साडेसातला काम सुरू केलं तर पाणी अजून मागे हटत असतं. हा अंदाज भरती-ओहोटीच्या छापील तक्त्याशी ताडून घ्यावा, आणि पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राजवळ मुलांना नेऊच नये.

आता गोणीत काय भरायचं, याकडे वळू. सगळं एकत्र कोंबलेल्या गोणीला क्षेपणभूमीशिवाय वाट नाही. म्हणून गट करतानाच कामं वाटून द्यावीत. पाच-सहा जणांच्या गटात दोघं फक्त पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या वेचतील, एक जण काच आणि धातू, बाकीचे उरलेलं. बाटल्यांना, काचेला, धातूला भंगारवाला किंवा सुका कचरा केंद्र घेतं. वेफर्सची चकचकीत पाकिटं, थर्माकोल, वाळूने भरलेल्या फाटक्या पिशव्या यांना सहसा कुणी विचारत नाही. ही यादी दर गावात थोडी बदलते आणि ती अचूक सांगू शकणारी माणसं म्हणजे कचरावेचक. पुण्यात कचरावेचकांची संघटना १९९३ पासून आहे आणि त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था घरोघरचा कचरा गोळा करते. आपल्या भागातल्या एखाद्या कचरावेचक ताईंना मोहिमेत मार्गदर्शक म्हणून बोलवावं, त्यांच्या वेळेचे पैसे द्यावेत आणि विकला जाणारा माल त्यांनाच द्यावा. पांढरपेशांच्या स्वच्छता मोहिमांत हे फारसं घडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कचऱ्याबद्दल या माणसांना जे कळतं ते आपल्यापैकी कुणालाच कळत नाही.

गोणी बांधण्याआधी जोरात झटकून वाळू काढावी. ओल्या वाळूची गोणी दोघांना उचलत नाही, आणि किनाऱ्याची वाळू गाडीतून नेणं हे किनाऱ्याचंच नुकसान आहे. सामानासाठी फार खर्च लागत नाही. सिमेंटची किंवा खताची रिकामी पोती, दाताळं, घमेली, जाळी कापायला कोयता आणि जाड रबरी हातमोजे पुरतात. पातळ प्लॅस्टिकचे मोजे पहिल्याच काचेला फाटतात आणि कचऱ्यात भर घालतात. इंजेक्शनच्या सुयांना हात लावायचा नाही. चिमट्याने उचलून त्या झाकणाच्या जाड डब्यात टाकायच्या आणि तो डबा वेगळा सोपवायचा. पाण्यासाठी नळाचा मोठा पिंप आणि प्रत्येकाने घरून आणलेला पेला. बाटलीबंद पाण्याचे खोके आणणारा प्रायोजक नम्रपणे नाकारावा.

काही गोष्टी मात्र उचलायच्या नाहीत. वाळूवर पसरलेली मर्यादवेल हा कचरा नव्हे, ती वाळू धरून ठेवते. वाहून आलेलं शेवाळ, शंख-शिंपले जिथे आहेत तिथेच राहू द्यावेत. कोकणात साधारण नोव्हेंबर ते मार्च कासवं अंडी घालायला येतात आणि पिल्लं मे महिन्यापर्यंत बाहेर पडत असतात. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर त्या काळात स्थानिक कासवमित्रांना विचारल्याशिवाय काम करू नये, आणि वाळूवर ट्रॅक्टर तर मुळीच आणू नये.

शेवटचं काम मोजणीचं, आणि नेमकं तेच घाईत राहून जातं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास किनाऱ्यावर सुमारे २,८०० लोकांनी एक मोहीम केली. त्यांनी कचरा उचलताना प्रत्येक वस्तूची नोंदही केली. त्यातूनच दर सप्टेंबरात जगभर होणारी किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली, आणि समुद्रातला कचरा नेमका कशाचा असतो हे आकड्यांत सांगता येऊ लागलं. आपणही दर गटात एकाला पाटी आणि पेन देऊन फक्त लिहायला बसवावं. पुढचे चार-पाच महिने किनाऱ्याचा तोच शंभर-दोनशे मीटरचा तुकडा घ्यावा, दर वेळी नवा नको. मग तक्ता बोलू लागतो. कागदी पेले सर्वाधिक निघाले तर जवळच्या चहावाल्या काकांशी काचेच्या ग्लासांबद्दल बोलता येतं. पिशवीत बांधलेलं निर्माल्य निघालं तर देवळाच्या विश्वस्तांकडे कलश ठेवण्याची मागणी करता येते. नाल्यातून आलेलं घरगुती प्लॅस्टिक असेल, तर नाल्याच्या तोंडाशी जाळी बसवण्याची मागणी आकड्यांसकट वॉर्ड ऑफिसात नेता येते.

अशा तक्त्यात कुठले रकाने असावेत आणि तो भरायला नवख्यांना कसं शिकवावं, ते पुढच्या रविवारी.