फौजेतला टेक्निशियन गावात वायरमन होतो तेव्हा...

पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून जवान घरी परततो, तेव्हा त्याचं वय असतं जेमतेम पस्तीस-अडतीस. मुलं शाळेत, घराचं बांधकाम अर्धवट, अब्बांचं औषधपाणी चालू. पेन्शन मिळते, पण त्यात सगळं भागत नाही. मग पुण्याला सिक्युरिटीची नोकरी, नाहीतर गावातच काही धंदा. ईएमई, सिग्नल्स किंवा हवाई दलात टेक्निकल काम केलेल्या माणसासाठी जुन्नर-आंबेगावात तिसरा रस्ताही आहे, घरगुती वीजकामाचा. मात्र त्यासाठी पुन्हा शिकावं लागतं, आणि ‘मला सगळं येतं’ हेच त्यातलं सगळ्यात मोठं संकट ठरतं.

24 व्होल्ट आणि 230 व्होल्ट

लष्करी ट्रकची, रणगाड्याची वायरिंग साधारण 24 व्होल्ट डीसीवर चालते. तिथे चुकून हात लागला तरी सहसा झटका बसत नाही. घरात येतात 230 व्होल्ट एसी, आणि तिथे एक चूक जीव घेऊ शकते.

दुसरा फरक नकाशाचा. फौजेत प्रत्येक तारेचा नंबर असतो, ड्रॉइंग असतं. गावातल्या घरात भावाने एक खोली वाढवली, चाचांनी गिझर बसवला, कुणी शेजारच्या लाइनवरून न्यूट्रल घेतला. कागद कुठेच नाही. रंगावर विश्वास ठेवून काळी तार न्यूट्रलच असेल असं धरलं, तर फसायला होतं. म्हणून मेन बंद करायचा, टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा आणि मगच तारेला हात लावायचा.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. आपल्याकडे मुरूम आणि काळा कातळ. उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग कमजोर होतं. आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात भिंतीच ओल्या होतात, पत्र्यात करंट उतरतो. अशा घरांत 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी माणसाला वाचवतो. जुन्या वायरिंगवर तो सारखा ट्रिप होतो, तेव्हा घरमालक म्हणतो, ‘काढून टाका ना, भाई.’ खरा कारागीर तो काढत नाही. गळती शोधतो.

हिशोबही नव्याने करावा लागतो. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर जवळपास 9 अँपियर घेतो. तार बारीक असेल आणि ट्रिप होतो म्हणून मोठा एमसीबी बसवला, तर तार भिंतीत तापत राहील. एमसीबी मुख्यतः तारेला जळण्यापासून वाचवण्यासाठी असतो, हे ग्राहकालाही समजावून सांगावं लागतं.

कागद का हवा?

बल्ब, पंखा, स्विच बदलणं वेगळं. नवीन वायरिंग किंवा फेरफार करायचा, तर नियमानुसार ते काम परवानाधारक ठेकेदाराकडून आणि प्रमाणपत्र असलेल्या माणसाच्या देखरेखीखाली व्हावं लागतं. महावितरणच्या नव्या कनेक्शनला टेस्ट रिपोर्ट लागतो, आणि त्यावर परवानाधारक ठेकेदाराचीच सही चालते. परवाना नसेल तर मेहनत तुमची आणि सही दुसऱ्याची. उद्या अपघात झाला, तर उत्तर देताना हातात काहीच नसतं.

म्हणून नोकरीच्या शेवटच्या वर्षातच तयारी सुरू करावी. संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय त्या काळात कोर्स देतं. जवान आणि जेसीओंना त्याची फी भरावी लागत नाही. घरी आल्यावर पुण्यातल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करावी. डिस्चार्ज बुक आणि ट्रेडची सगळी प्रमाणपत्रं जपून ठेवावीत. आपला फौजी ट्रेड वीजतंत्री किंवा तारतंत्री ट्रेडच्या बरोबरीचा धरला जातो का, हे आयटीआयत आणि राज्याच्या विद्युत निरीक्षक कार्यालयात आधीच विचारून घ्यावं. त्यानंतर काही महिने एखाद्या जुन्या वायरमनच्या हाताखाली काम करावं. पोरगा वयाने लहान असला तरी उस्ताद तो, हे मान्य करावं लागतं.

यात कमीपणा नाही. दुसरं महायुद्ध संपता संपता, जुलै 1945 मध्ये, घरी परतणाऱ्या सैनिकांसाठीच सरकारने पुनर्वसन व रोजगार महासंचालनालय उभं केलं. आजच्या आयटीआय व्यवस्थेची मुळं तिथवर जातात. आणि कधीकाळी कागद बनवणाऱ्या कागदी मंडळींच्या जुन्नरला हातच्या हुनराची किंमत वेगळी सांगायला नको.

काम आहे का?

आहे. विहिरीवरच्या मोटारीचा एक फेज गेला की कॉइल जळते. स्टार्टर आणि संरक्षण नीट बसवणारा माणूस शेतकऱ्याला हवाच असतो. बिबट्याच्या भीतीने घराबाहेर, गोठ्यापाशी दिवे लागतात. छतावरच्या सोलरला पीएम सूर्यघर योजनेत 3 किलोवॅटला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. मात्र ते काम नोंदणीकृत विक्रेत्यामार्फतच होतं, म्हणून सुरुवातीला त्यांच्याकडे काम धरता येतं. इन्व्हर्टर किंवा जनरेटर जोडताना करंट उलटा लाइनवर जाणार नाही, हे बघणं सगळ्यात महत्त्वाचं. नाहीतर खांबावर चढलेल्या लाइनमनच्या जिवावर बेततं.

घरच्यांनीही थोडा धीर धरावा. ‘सुभेदारसाहेब आता लोकांचे पंखे बसवणार?’ असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पहिली तपासणी स्वतःच्याच घराची करावी: अर्थिंग, आरसीसीबी, गिझरची तार. मग भावाचं घर, मग मोहल्ला. नाव तिथूनच होतं.