एक विधेयक व दोन संज्ञा

राज्य-विधिमंडळाच्या एखाद्या सदस्याची आरोग्यविषयक भूमिका हा वरवर पाहता राज्यशास्त्राचा विषय होय. परंतु ती भूमिका ज्या संज्ञांतून मांडली जाते आणि ज्या संज्ञेने तिचा प्रतिवाद होतो, त्यांचा विचार भाषाभ्यासकास टाळता येत नाही. कॅलिफोर्निया राज्यातील शीला क्यूल यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

श्रीमती क्यूल १९९४ साली असेंब्लीवर व २००० साली सेनेटवर निवडून आल्या. त्यांचे ८४० क्रमांकाचे सेनेट विधेयक २००६ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. गव्हर्नर श्वार्झनेगर यांनी ते नाकारले, आणि २००८ मध्ये पुन्हा तेच घडले. विधेयकाचा गाभा असा: खासगी विमा कंपन्यांच्या जागी राज्याचा एकच निधी असावा, प्रत्येक रहिवाशाच्या उपचाराचा खर्च त्यातून व्हावा; वैद्य आणि रुग्णालये मात्र आज आहेत तशी खासगीच राहावीत. या रचनेस तेथे 'सिंगल पेअर' म्हणतात. ही संज्ञा केवळ पैसे कोण देतो एवढेच सांगते. उपचार कोण करतो याविषयी ती मौन पाळते.

नकाराच्या संदेशात गव्हर्नरांनी वापरलेला शब्द निराळा होता: 'सोशलाइज्ड मेडिसिन'. हा शब्द कॅलिफोर्नियास नवा नव्हता. १९४५ साली गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी आरोग्यविम्याची योजना मांडली, तेव्हा तेथील वैद्यकीय संघटनेने व्हिटेकर आणि बॅक्स्टर या प्रचारव्यवसायी दांपत्यास नेमून ती हाणून पाडली. पुढे राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या योजनेविरुद्धही याच दांपत्याने मोहीम चालविली व हा शब्द घरोघर पोचविला. १९६१ मध्ये रोनाल्ड रेगन यांनी त्याच विषयावर ध्वनिमुद्रिका काढली. व्याकरणदृष्ट्या हे कर्मणी धातुसाधित विशेषण आहे: वैद्यकावर कोणीतरी काहीतरी केले आहे, पण तो कर्ता अध्याहृत. त्या रिकाम्या जागी ऐकणारा आपापले भय बसवितो. वस्तुतः रुग्णालये शासनाच्या मालकीची असलेली १९४८ नंतरची ब्रिटिश व्यवस्था आणि वैद्यांचा व्यवसाय खासगी ठेवणारी १९६२ मधील सस्कॅचेवानची योजना या दोन भिन्न वस्तू आहेत. क्यूल यांचे विधेयक दुसऱ्या जातीचे होते.

त्या विधेयकात उणीव नव्हती असे नव्हे. नवे कर बसविण्यास तेथे १९७८ पासून दोनतृतीयांश मते लागतात. साध्या बहुमताने विधेयक पार पडावे म्हणून कराची तरतूद त्यातून वगळलेली होती. पैसा कोठून येणार, हा प्रश्न खरोखरीच वजनदार होता. तो तपशिलाने विचारण्यापेक्षा एक जुना शब्द फेकणे सोपे पडले, असे माझे मत आहे.

२००७ मध्ये गव्हर्नरांनी स्वतःची योजना पुढे आणली; तीत प्रत्येकाने विमा उतरविण्याची सक्ती होती. क्यूल यांचा आक्षेप असा की, विकत घेण्याची सक्ती आहे, पण हप्त्याच्या रकमेस मर्यादा नाही. त्या अध्यक्ष असलेल्या सेनेटच्या आरोग्य समितीने जानेवारी २००८ मध्ये ते विधेयक फेटाळले. 'विमा' आणि 'सेवा' हे दोन शब्द एकमेकांच्या जागी येऊ देता कामा नयेत. आपल्याकडे 'आरोग्य योजना' या मोघम नावाखाली दोन्ही सुखाने नांदतात, आणि आपले विद्यार्थीही प्रबंधांत तसेच लिहितात.

मराठीत हा वाद आणताना आणखी एक अडचण येते. 'सोशलाइज्ड'साठी 'सामाजिक' योजावे, तर सामाजिक कार्य, सामाजिक न्याय अशा प्रयोगांमुळे त्या शब्दास आपल्याकडे आदराचीच छटा आहे. 'राष्ट्रीयीकृत' म्हणावे, तर वाचकास राष्ट्रीयीकृत बँक आठवते आणि ठेव सुरक्षित असल्याचा दिलासा वाटतो. मुळातील धाक दोन्हींत उतरत नाही. उलट 'सिंगल पेअर'चे 'एकच देयकदाता' असे भाषांतर माझ्या पाहण्यात आले आहे. देयक म्हणजे बिल. तेव्हा हा दाता पैसे देणारा नसून बिल हाती ठेवणारा ठरतो! मी वर्गात 'एकनिधी पद्धती' असे म्हणतो. तीत 'देणारा' लुप्त होतो हे खरे, परंतु अर्थ उलटत नाही.

क्यूल २००८ मध्ये सेनेटमधून निवृत्त झाल्या. त्याच धर्तीचे १४०० क्रमांकाचे असेंब्ली विधेयक जानेवारी २०२२ मध्ये मतास न टाकताच सोडून देण्यात आले.